सुसंगती-नियम, सांबंधिक डेटाबेसातील

संगणकात कोष्टकांच्या रूपाने साठविलेल्या नोंदींनी त्या ज्या व्यवहाराच्या आहेत त्या व्यवहाराचे नियम मोडू नयेत, यासाठी डेटाबेस प्रणालीस अगोदरच सांगून ठेवलेल्या अटींना सुसंगती-नियम म्हणतात. इंग्रजीत यांस ‘इंटिग्रिटी’चे नियम अशी संज्ञा रूढ आहे. नोंद खरी की खोटी, हे या नियमांना ठरविता येत नाही. खातेदाराचे नाव ‘गणपत’ऐवजी ‘गणेश’ असे लिहिले गेले, तर ती चूक प्रणालीच्या लक्षात येण्यास काही मार्ग नसतो. मात्र दोन नोंदी एकाच वेळी खऱ्या असणे अशक्य असेल, तर त्यांपैकी निदान एक चुकीची असली पाहिजे, एवढे प्रणालीस निश्चित सांगता येते व अशी नोंद तिला नाकारता येते. सुसंगती-नियमांचे सामर्थ्य व मर्यादा ही दोन्ही यातच आहेत.

विषय स्पष्ट होण्यासाठी महाराष्ट्रातील जमिनीच्या सातबारा उताऱ्यासारख्या अभिलेखाचे उदाहरण घेता येईल. (पुढील मांडणी विवेचनाच्या सोयीसाठी कल्पिलेली असून ती कोणत्याही प्रत्यक्ष शासकीय प्रणालीचे वर्णन नव्हे.) एका कोष्टकात गावातील गट असतील, प्रत्येक ओळीत गट क्रमांक, एकूण क्षेत्र, लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराबा. दुसऱ्या कोष्टकात व्यक्ती, तिसऱ्यात कोणत्या गटात कोणाचे किती क्षेत्र आहे याच्या नोंदी आणि चौथ्यात फेरफार. या नोंदींना लागू असलेले नियम तलाठ्यास तोंडपाठ असतात : लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराबा मिळून एकूण क्षेत्र झाले पाहिजे, ज्याच्या नावे क्षेत्र लावले ती व्यक्ती अस्तित्वात असली पाहिजे, खातेदार अज्ञान असेल, तर त्याचा पालक नोंदलेला असला पाहिजे व तो पालक स्वतः सज्ञान असला पाहिजे, आणि एका गटातील सर्व खातेदारांच्या नावांपुढील क्षेत्रांची बेरीज त्या गटाच्या वाटपयोग्य क्षेत्राइतकी असली पाहिजे. ही बेरीज जुळली नाही, तर कोणाच्या तरी पदरची जमीन कागदावर नाहीशी झालेली असते किंवा अस्तित्वात नसलेली जमीन कोणास तरी विकली जाण्याचा मार्ग मोकळा झालेला असतो. वरवर सारख्या दिसणाऱ्या या नियमांपैकी पहिले दोन संगणकाकडून पाळून घेणे अत्यंत सोपे आहे, तर शेवटचा फार अवघड. हा फरक कोठून येतो, हाच या विषयाचा गाभा होय.

इतिहास : सांबंधिक पद्धतीची कल्पना आयबीएम कंपनीच्या सॅन होजे (कॅलिफोर्निया) येथील संशोधन प्रयोगशाळेतील गणितज्ञ एडगर एफ. कॉड (१९२३–२००३) यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली. त्याआधीच्या प्रणालींत नोंदी एकमेकींशी दुव्यांनी बांधलेल्या असत आणि त्या दुव्यांवरून वाट काढण्याचे काम प्रत्येक कार्यक्रम लिहिणाऱ्यास करावे लागे. कॉड यांनी माहिती ही गणितातील ‘संबंध’ या संकल्पनेवर आधारलेल्या साध्या कोष्टकांत मांडली. याच निबंधाच्या उत्तरार्धात त्यांनी सुसंगतीचाही विचार केला होता. विसंगती शोधण्याचे दोन मार्ग त्यांनी सुचविले होते : प्रत्येक बदलाच्या वेळी तपासणी करणे, किंवा दिवसातून एकदा अथवा त्याहूनही विरळ अशी एकगठ्ठा तपासणी करणे. पहिल्या मार्गाने कामाचा वेग मंदावेल, हेही त्यांनी नमूद केले होते. पुढील पन्नास वर्षांतील बरीचशी खटपट या पहिल्या मार्गाची किंमत कमी करण्यासाठी झाली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. या कार्याबद्दल कॉड यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. पुढे १९८५ मध्ये त्यांनी सांबंधिक म्हणविणाऱ्या प्रणालींसाठी जे निकष जाहीर केले, त्यांत सुसंगती-नियम हे वापर-कार्यक्रमांत विखुरलेले नसावेत, तर डेटाबेसच्या व्याख्येचाच भाग म्हणून साठविता यावेत, असा एक स्वतंत्र निकष होता.

व्यापारी प्रणालींत हे विचार सावकाश उतरले. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या भाषेतून विकसित झालेल्या एसक्यूएल या प्रश्नभाषेचे पहिले अमेरिकी प्रमाणक १९८६ मध्ये आले. कोष्टकांमधील संदर्भ जुळते ठेवण्याच्या तरतुदी त्यात १९८९ च्या आवृत्तीत घालण्यात आल्या. ऑरॅकल या प्रणालीत त्यांची प्रत्यक्ष अंमलबजावणी सातव्या आवृत्तीपासून (१९९२) सुरू झाली. मायएसक्यूएल ही अतिशय लोकप्रिय प्रणाली तर अटी लिहून घेत असे, परंतु त्या पाळत नसे. २०१९ मधील ८.०.१६ या आवृत्तीपर्यंत ओळीच्या तपासणीची अट तिच्यात निमूटपणे दुर्लक्षिली जाई. नियम लिहिला म्हणजे तो लागू झाला, असे समजणाऱ्या अनेकांची त्यामुळे फसगत झाली.

साधे नियम : ज्या अटीचा निर्णय एकाच ओळीकडे पाहून करता येतो, ती लिहिणे व पाळणे सर्वांत सोपे. ‘लागवडीयोग्य क्षेत्र अधिक पोटखराबा बरोबर एकूण क्षेत्र’ ही अट गटांच्या कोष्टकास ‘चेक’ निर्बंध म्हणून जोडली की ती मोडणारी ओळ आत येऊच शकत नाही. कोष्टकातील प्रत्येक ओळ एकमेव ठरविणाऱ्या स्तंभास किंवा स्तंभसमूहास प्राथमिक चावी (प्रायमरी की) म्हणतात. तिच्यामुळे एकच गट दोनदा नोंदला जात नाही. एका कोष्टकातील मूल्य दुसऱ्या कोष्टकात चावी म्हणून असलेच पाहिजे, या बंधनास परकी चावी (फॉरेन की) म्हणतात. तिच्यामुळे अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीच्या नावे जमीन लागत नाही आणि जिच्या नावे जमीन आहे त्या व्यक्तीची ओळ पुसूनही टाकता येत नाही.

येथे एक खाचखळगा सांगितला पाहिजे. एसक्यूएलमध्ये मूल्य माहीत नसल्यास ती जागा ‘नल’ म्हणजे रिक्त ठेवता येते व तिच्याशी केलेल्या तुलनेचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ नसून ‘अज्ञात’ असे येते. शोध घेताना ‘अज्ञात’ ओळी वगळल्या जातात. ‘चेक’ निर्बंध मात्र उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ आले तरच ओळ नाकारतो. परिणामी ‘क्षेत्र शून्याहून अधिक असावे’ ही अट क्षेत्र मुळीच न लिहिलेली ओळ विनातक्रार आत घेते. अनेक स्तंभांच्या परकी चावीतील एखादा स्तंभ रिक्त असेल, तर सामान्यतः ती सबंध चावीच तपासली जात नाही. म्हणून मूल्य अनिवार्य करणारा निर्बंध हा इतर सर्व निर्बंधांचा पाया समजावा.

जटिल नियम : लेक्स डी हान व टून कॉपलार्स यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नियमांचे त्यांच्या व्याप्तीनुसार वर्गीकरण केले आहे : एका मूल्यापुरते, एका ओळीपुरते, एका कोष्टकापुरते आणि अनेक कोष्टकांना व्यापणारे. व्याप्ती एका ओळीबाहेर गेली, की चावींचे दोन ठरावीक प्रकार सोडल्यास बहुतेक प्रणालींत तयार साधन मिळत नाही. अशा नियमांसाठी १९९२ च्या प्रमाणकात ‘असर्शन’ नावाची सोय करण्यात आली. तिच्याद्वारे संबंध डेटाबेसविषयीचे कोणतेही विधान (उदा., ‘ज्याच्या खातेदारांची बेरीज जुळत नाही असा एकही गट नाही’) लिहून ठेवता येते व ते सदैव खरे राखण्याची जबाबदारी प्रणालीवर पडते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने याहून स्वच्छ उपाय नाही. तथापि त्यानंतरची तीन दशके बहुतेक प्रचलित प्रणालींनी ही सोय दिली नाही.

याचे एक कारण वेगाचे आहे. विधान अक्षरशः तपासायचे, तर एका खातेदाराचे नाव बदलताना जिल्ह्यातील प्रत्येक गटाची बेरीज करावी लागेल. वस्तुतः ज्या गटात बदल झाला तेवढाच तपासणे पुरेसे असते. क्षेत्राला हात न लावणाऱ्या बदलात तेही नको. कोणत्या बदलाने कोणत्या नियमाचा कोणता भाग धोक्यात येतो, हे तर्कशास्त्राच्या साहाय्याने नियमाच्या मजकुरावरूनच काढता येते, असे जे. एम. निकोलास यांनी १९८२ मध्ये दाखविले. मनुष्यास हा विचार सहज सुचतो. तो कोणत्याही विधानासाठी यंत्राकडून करवून घेणे मात्र कष्टाचे ठरले. दुसरे कारण अधिक खोल असून त्याचा विचार पुढे केला आहे.

तपासणीची वेळ : समजा, गटाचे क्षेत्र २·४० हेक्टर असून तिघा भावांच्या नावे प्रत्येकी ०·८० हेक्टर आहे. थोरल्याने ०·३० हेक्टर विकले. फेरफार मंजूर होताना प्रथम थोरल्याचे क्षेत्र ०·५० केले जाते व नंतर खरेदीदाराची ०·३० ची नवी ओळ घातली जाते. पहिल्या पायरीनंतर बेरीज २·१० भरते, म्हणजे नियम मोडलेला असतो; पायऱ्यांचा क्रम उलटा केला, तरी बेरीज २·७० होऊन तो मोडतोच. जुना तलाठीही नव्या नावाची नोंद करून मग जुन्या नावास कंस करीत असे व त्या मधल्या क्षणाची कोणी दखल घेत नसे. संगणकातील एकसंध बदलांच्या मालिकेस व्यवहार (ट्रॅन्झॅक्शन) म्हणतात; तो पूर्ण तरी होतो किंवा मुळीच झाला नाही असे तरी मानले जाते. अनेक ओळींवरील नियम व्यवहाराच्या प्रत्येक पायरीवर न तपासता तो कायम होण्याच्या क्षणी तपासला पाहिजे. तपासणी अशी लांबणीवर टाकण्याची तरतूदही १९९२ च्या प्रमाणकात आहे. ऑरॅकल व पोस्टग्रेसएसक्यूएल या प्रणालींत ती मिळते. परंतु सर्व प्रणालींत ती नाही आणि जेथे आहे तेथेही सर्व प्रकारच्या निर्बंधांना लागू होतेच असे नाही.

एककालिक व्यवहारांची अडचण : जटिल नियमांच्या बाबतीत सर्वाधिक घातक व सर्वांत कमी ओळखली जाणारी चूक हीच होय. थोरल्या भावाच्या नावे ०·८० हेक्टर आहे व विक्रीच्या नोंदी एका वेगळ्या कोष्टकात घातल्या जातात, असे समजू. नियम असा, की एका खातेदाराच्या विक्रींची बेरीज त्याच्या क्षेत्राहून अधिक होऊ नये. नोंद घालण्यापूर्वी आधीच्या विक्रींची बेरीज करून पाहणारा कार्यक्रम लिहिला व तो एकेक व्यवहार देऊन कसून तपासला. तो निर्दोष ठरला. एके दिवशी दोन वेगळ्या टेबलांवरील कारकुनांनी त्याच खातेदाराच्या प्रत्येकी ०·५० हेक्टरच्या दोन विक्री एकाच वेळी नोंदविण्यास घेतल्या. पहिल्याचा व्यवहार पाहतो : आधीची विक्री शून्य. दुसऱ्याचा व्यवहार पाहतो : पहिल्याचा अजून कायम न झाल्यामुळे आधीची विक्री शून्य. दोघेही आपापल्या परीने बरोबर तपासणी करतात, दोघेही नोंद कायम करतात आणि ०·८० हेक्टरमधून १·०० हेक्टर विकले जाते. दोन्ही ओळी वेगवेगळ्या असल्याने त्यांची कोठे टक्करही होत नाही. कार्यक्रमाच्या मजकुरात दोष शोधू जाता तो सापडत नाही, कारण दोष कोणत्याही एका व्यवहारात नसून दोहोंच्या एकत्र येण्यात आहे. वेगवेगळ्या ओळींत लिहिणाऱ्या दोन व्यवहारांतून उद्भवणाऱ्या या प्रकारच्या विसंगतीचे विश्लेषण १९९५ मध्ये हॅल बेरेन्सन, जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एसक्यूएल प्रमाणकातील अलगतेच्या व्याख्यांवर टीका करणाऱ्या निबंधात केले.

प्रमाणकात यावर उपाय आहे : व्यवहार एकापाठोपाठ एक झाले असते तर जो परिणाम झाला असता, तसाच परिणाम एककालिक व्यवहारांचाही व्हावा, ही ‘सिरियलायझेबल’ नावाची अलगतेची सर्वोच्च पातळी. परंतु बहुतेक प्रणाली वेगासाठी मुळात याहून खालच्या पातळीवर चालतात व वरची पातळी मुद्दाम मागावी लागते. मायकेल केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही पातळी तुलनेने कमी खर्चात साधण्याची पद्धत मांडली व पोस्टग्रेसएसक्यूएलने ती २०११ मध्ये (आवृत्ती ९.१) स्वीकारली. तिच्यात धोका दिसताच प्रणाली एक व्यवहार रद्द करते. तो पुन्हा चालविण्याची तयारी वापर-कार्यक्रमात ठेवावी लागते.

अंमलबजावणीचे मार्ग : अनुभवी रचनाकार प्रथम जटिल नियमास साध्या नियमाचे रूप देता येईल काय, हे पाहतो. वरील उदाहरणात खातेदाराच्या ओळीतच ‘शिल्लक क्षेत्र’ हा स्तंभ ठेवावा, प्रत्येक विक्रीबरोबर तो तेवढ्याने कमी करावा आणि ‘शिल्लक क्षेत्र शून्याहून कमी नसावे’ एवढा एका ओळीचा निर्बंध घालावा. आता दोन्ही कारकुनांच्या व्यवहारांना एकाच ओळीत लिहावे लागते. पहिला चालू असताना दुसरा थांबून राहतो. पहिला कायम झाल्यावर शिल्लक ०·३० उरते व दुसऱ्याने ती उणे ०·२० करू पाहताच निर्बंध त्यास अडवितो. बेरजेसारखी काढता येण्याजोगी माहिती साठविणे हे एरवी सदोष रचनेचे लक्षण मानले जाते. येथे मात्र ती पुनरुक्तीच रक्षण करते. अट एवढीच, की विक्रीची नोंद व शिल्लक यांचा संबंध अन्य कोणत्याही वाटेने तुटता कामा नये.

पालक सज्ञान असावा, या नियमालाही असेच वळण देता येते. व्यक्तींच्या कोष्टकात ओळख क्रमांक व ‘सज्ञान’ हा स्तंभ यांची जोडी एकमेव म्हणून घोषित करावी. अज्ञान खातेदाराच्या ओळीत पालकाच्या क्रमांकाबरोबर ‘पालक सज्ञान’ असा स्तंभ घेऊन त्यात ‘होय’खेरीज मूल्य येणार नाही असा निर्बंध घालावा व दोन्ही मिळून परकी चावी करावी. एवढ्याने दोन ओळींमधील नियम केवळ चाव्यांच्या बळावर पाळला जातो व एककालिक व्यवहारांची काळजी प्रणाली स्वतःच घेते. मात्र सज्ञानता ही काळावर अवलंबून असलेली गोष्ट आहे. मूल अठरा वर्षांचे होते त्या मध्यरात्री डेटाबेसमध्ये कोणीही काही बदललेले नसते, तरी कालपर्यंत खरे असलेले विधान आज खोटे झालेले असते. बदलाच्या वेळीच जागे होणाऱ्या निर्बंधांना हे कळणे शक्य नाही. म्हणून आजच्या तारखेवर आधारलेला नियम निर्बंध म्हणून लिहू नये. जन्मतारीख साठवून त्यासाठी रोजची तपासणी ठेवावी.

काही नियम समानतेचे नसून आच्छादनाचे असतात. मुंबई–सोलापूर गाडीतील एकच शायिका मुंबई ते पुणे एका प्रवाशास व पुणे ते सोलापूर दुसऱ्यास देता येते. परंतु मुंबई ते दौंड व पुणे ते सोलापूर अशी देता येत नाही, कारण पुणे ते दौंड हा टप्पा दोघांकडे येतो. एकमेवतेचा निर्बंध दोन मूल्ये सारखी आहेत का, एवढेच पाहतो. दोन अंतरे एकमेकांवर चढतात का, हे तो पाहू शकत नाही. पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये २०१० पासून (आवृत्ती ९.०) यासाठी वर्जन-निर्बंध उपलब्ध आहे. त्यात ‘शायिका सारखी, दिवस सारखा व अंतरे परस्परांवर येणारी’ अशा ओळींची जोडी निषिद्ध ठरविता येते. अंतराचे पहिले टोक धरावे व शेवटचे सोडावे, म्हणजे पुण्यास उतरणारा व पुण्यास चढणारा यांचा तंटा होत नाही.

रूपांतर साधत नसेल, तेव्हा ट्रिगरचा आश्रय घ्यावा लागतो. ट्रिगर म्हणजे ठरावीक बदल घडताच प्रणालीने आपोआप चालवावयाचा लहान कार्यक्रम. त्यांना प्रमाणकात १९९९ मध्ये स्थान मिळाले, तरी ते त्याआधीपासून वापरात होते. ट्रिगरने काहीही तपासता येते; धोका नेमका तोच आहे. ‘बेरीज जुळावी’ हे एक वाक्य, पण ते मोडण्याच्या वाटा अनेक : खातेदाराची ओळ घालणे, पुसणे, तिचे क्षेत्र बदलणे, ती एका गटातून दुसऱ्यात नेणे, गटाचेच क्षेत्र दुरुस्त करणे. प्रत्येक वाटेवर पहारा बसवावा लागतो व एखादी हमखास राहून जाते. शिवाय ट्रिगरही वर सांगितलेल्या एककालिक अडचणीतून सुटलेला नसतो, कारण दुसऱ्याचा कायम न झालेला बदल त्यालाही दिसत नाही. म्हणून बेरीज करण्यापूर्वी त्याने संबंधित गटाच्या ओळीला कुलूप घालावे, म्हणजे त्या गटावरील व्यवहार एकापाठोपाठ एक होतात व अन्य गटांची कामे खोळंबत नाहीत. हे एक पाऊल वगळलेले ट्रिगर फार आढळतात. कसोटीत ते उत्तीर्ण होतात आणि गर्दीच्या दिवशी फसतात.

सर्व नियम वापर-कार्यक्रमात ठेवावेत, असे मत मांडणारा एक पक्ष आहे. सुबक चूक-संदेश देणे, अर्ज भरतानाच सूचना करणे यांसाठी तपासणी तेथेही हवीच. परंतु एकाच डेटाबेसवर कालांतराने अनेक कार्यक्रम काम करू लागतात आणि रात्री उशिरा एखादा प्रशासक थेट आज्ञा देऊन ओळी दुरुस्त करतो. त्या वाटेवर कार्यक्रमातील पहारा नसतो. सामान्यतः कार्यक्रम बदलतात व नोंदी राहतात; यास्तव नियम नोंदींजवळ असणे श्रेयस्कर होय.

जुन्या नोंदी : प्रत्यक्षात नियम बहुधा उशिरा लिहिले जातात, तोवर ते मोडणाऱ्या नोंदी आत शिरलेल्या असतात. नवा निर्बंध घालू जाता प्रणाली जुन्या ओळी तपासते व तो नाकारते. अशा वेळी नियम शिथिल करण्याचा मोह होतो. त्याऐवजी निर्बंध केवळ नव्या बदलांना लागू करून जुन्या ओळींची तपासणी नंतरसाठी ठेवण्याची सोय ऑरॅकल व पोस्टग्रेसएसक्यूएल या दोन्हींत आहे. मग विसंगत ओळींची यादी काढून त्या एकेक निकालात काढता येतात. बेरीज न जुळणाऱ्या गटात कोणाचे क्षेत्र चुकले, हे मात्र यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी मूळ फेरफार नोंदवही काढून खातेदारांना बोलवावे लागते. बेरीज जुळावी म्हणून एखाद्याच्या क्षेत्रात परस्पर भर घालणारा दुरुस्ती-कार्यक्रम नियमाचे समाधान करतो, परंतु त्यामुळे दिसत असलेली चूक कायमची अदृश्य होते. दुरुस्ती होईपर्यंत अशा ओळी विसंगत म्हणून चिन्हांकित ठेवून त्या गटावरील नवे व्यवहार रोखून धरण्याची पद्धत अधिक सुरक्षित समजली जाते.